चादरींच्या आतला आवाज

माझा आवाज मोठा आहे. लहानपणापासून घरात सगळे हेच सांगत आले आहेत आणि आई तर अजूनही सांगते. मी स्वयंपाकघरात बोलले की ती हॉलमधून म्हणते, "हळू बोल, आज काय भाजी केलीय ते शेजाऱ्यांना कळेल." त्यामुळे गरोदर बायकांना दर आठवड्याला फोनवरून जो निरोप जाणार होता तो माझ्या आवाजात भरायचा असं कॉलेजात ठरलं, तेव्हा आई आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "फोन कशाला हवा? गच्चीत उभी राहा, दुधनीपर्यंत जाईल."

मी सोलापुरात एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे 'डिजिटल आरोग्य' नावाचा विषय आला. तो कुणालाच नको होता. तो माझ्या गळ्यात पडला, कारण बंद पडलेला प्रोजेक्टर थापट मारून चालू करणारी मी एकटीच होते. पुस्तक इंग्रजीतलं आणि त्यातली उदाहरणं अशा देशांतली की जिथे प्रत्येक माणसाच्या खिशात त्याचा स्वतःचा फोन असतो. माझ्या वर्गातल्या मुली खेड्यांतून आलेल्या. त्या पुस्तक वाचायच्या आणि एकमेकींकडे बघून गालात हसायच्या. मी चिडायचे. पण त्या का हसतात ते मला कळत होतं.

विषयाच्या पाठोपाठ संशोधनही आलं. आमच्या विभागाच्या डॉक्टर सरांनी ते मनावर घेतलं होतं. गरोदर बाईला आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दिवस कलताना फोन जायचा. उचलला की आधी भरून ठेवलेला आवाज बोलायचा, की या महिन्यात काय खायचं, गोळ्या कशा घ्यायच्या, कशाची भीती बाळगायची आणि कशाची नाही. असं ऐकणाऱ्या बायका तपासणीला वेळेवर येतात का, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

आवाज भरायला शांत खोली हवी होती. आमचं कॉलेज यंत्रमागांच्या गल्लीत आहे. भिंतीपलीकडे कारखाना, त्याच्यापलीकडे दुसरा कारखाना, आणि दिवसभर खटक खटक चालू. आम्ही वर्षानुवर्षं त्यातच शिकवतो, आता तो आवाज आम्हाला ऐकूही येत नाही. मोबाइलला मात्र ऐकू यायचा. शेवटी शेजारच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी उपाय काढला. त्यांनी चादरी पाठवल्या. त्या तेलुगूत कामगारांना काहीतरी सांगत होत्या आणि कामगार आमच्या सामानाच्या खोलीत दोऱ्या बांधून त्यावर चादरी टाकत होते. चारी बाजूंनी चादरी, वरून चादर, खाली चादर. आत एक स्टूल आणि मी.

त्या खोलीची आठवण आली की मला अजून झोप आल्यासारखं होतं. बाहेर सोलापूरचं ऊन, रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, आणि आत लाल-निळा अंधार. नव्या सुताचा वास. बाहेरच्या माणसांची बोलणी विरघळून जायची. मी हातातला कागद वाचायला घ्यायचे आणि थोड्या वेळाने कागद विसरायचे. समोर एक बाई बसली आहे असं वाटायचं. ती काही विचारायची नाही, फक्त ऐकायची. मी तिच्याशी बोलायचे. माझा आवाज इतका खाली कधी गेला नव्हता. मीच ऐकताना चकित व्हायचे, की हे कोण बोलतंय?

एवढ्या चादरी लावूनही पाठीमागे मागांची खटक खटक येतच राहिली, अगदी बारीक. संगणकावर ती पुसून पाहिली, तर माझा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. सर म्हणाले, "राहू दे. सोलापूर आहे, त्याला काय लपवायचं?"

प्रत्येक निरोपाच्या शेवटी कागदावर एक वाक्य होतं, 'पुढील माहिती पुढील संदेशात देण्यात येईल.' ते माझ्या जिभेवर येईना. मी ते बदललं. मी म्हणायचे, "पुढं काय करायचं ते मी पुढच्या वेळी सांगते. तोवर जप स्वतःला." ते सगळ्यांना आवडलं. मला तर फारच आवडलं.

मग ते फोन जायला लागले. फोनच्या दिवशी मी कॉलेजातून चालत घरी यायचे आणि वाटायचं, मी इथे चालते आहे आणि तिकडे करकंबला उसाच्या बांधावर मी बोलते आहे, कुठल्या तरी चुलीपुढे बोलते आहे, गोठ्यात बोलते आहे. माझ्यातून काहीतरी निघून गेलंय आणि ते आपलं आपण फिरतंय असं वाटायचं. घरी आल्यावर मी गप्प बसायचे. आई कपाळाला हात लावून बघायची. म्हणायची, "बरी आहेस ना? आज भाजी काय आहे तेसुद्धा कळेना."

कुणी किती ऐकलं ते पडद्यावर दिसायचं. अर्धवट ऐकून ठेवलं तर पिवळं आणि शेवटपर्यंत ऐकलं तर हिरवं. बहुतेक ओळी पिवळ्या-हिरव्या मिसळलेल्या. एक ओळ मात्र पहिल्यापासून हिरवीगार. ती दुधनीच्या पुढे, पार कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या मेंढपाळांच्या एका वस्तीवरच्या मुलीची होती. तिची पहिलीच खेप होती. सरांना त्या ओळीचं भारी कौतुक. कुणी पाहुणे आले की ते तिच्यावर बोट ठेवायचे. मलाही ती मुलगी मनातून जवळची झाली होती. चादरींच्या आत समोर बसणाऱ्या बाईला मी तिचाच चेहरा देऊन टाकला, जो मी पाहिलेला नव्हता.

मग पडताळणी आली. नियम असा होता की फोन त्या बाईचा स्वतःचा हवा. हा नियम मीच वर्गात शिकवते आणि तो मला आजही बरोबर वाटतो. बाईच्या शरीराची गोष्ट तिच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये. तर माझ्या विद्यार्थिनींनी एकेक नंबर फिरवला. त्या हिरव्या ओळीच्या नंबरवर एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला. फोन कुणाचा म्हणून विचारल्यावर तो म्हणाला, "घरचा हाय. मेंढरांबरुबर असतो." फोन सासऱ्याचा होता. मुलीला नंबर विचारला तेव्हा तिने घरात होता तो सांगितला होता. तिच्या लेखी त्यात काही चूक नव्हती.

नियमाप्रमाणे ती ओळ बंद झाली. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. म्हणजे इतके दिवस मी पोटात बाळ कसं वाढतं, दूध कसं येतं, रक्तस्राव कसा ओळखायचा, हे सगळं एका म्हाताऱ्याला सांगत होते, आणि तो शेवटपर्यंत ऐकत होता! वर्गात मुली तोंडाला रुमाल लावून हसल्या. मी हसले नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी, भर दुपारी, शिपाई वर्गाच्या दाराशी आला. म्हणाला, "मॅडम, एक मामा आलेत. फोनवरच्या बाई कुठे असतात म्हणून विचारतात."

व्हरांड्यात एक उंच, वाळलेला माणूस उभा होता. खांद्यावर घोंगडी, डोक्याला फेटा, एका हातात रुमालात गुंडाळलेला साधा बटणांचा फोन आणि दुसऱ्या हातात लहानसं गाठोडं. मी जवळ गेले तर माझ्याकडे बघत त्यानेच विचारलं, "त्या बाई बऱ्या हाईत न्हवं? लई दिस झालं, आवाज न्हाय. आजारी-बिजारी पडल्या काय म्हनून आलो."

मी म्हटलं, "मामा, बसा ना."

एवढंच. पण तेवढं ऐकलं आणि त्याची नजर खाली फरशीवर गेली. ती पुन्हा वर आली नाही.

"तुमीच व्हय," तो म्हणाला.

"मीच."

"फोन कुनाचा म्हनून इचारलं त्या पोरीनं कालेजाचं नाव सांगितलं हुतं. गल्लीत शिरलो आन् ते पाठीमागलं खटाक खटाक ऐकाय आलं. तवाच म्हटलं, बाई हितंच कुटंतरी हाईत." त्याने गाठोडं बाकावर ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. "बाभळीचा डिंक हाय. घसा बसला असंल म्हनून आनला. तोंडात धरायचा."

माझा घसा ठणठणीत होता. रागाची जी गाठ इतके दिवस मनात बांधून ठेवली होती, ती कुठे ठेवावी ते मला कळेना. तरी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना, "मामा, सुनेसाठीचे निरोप तुम्ही ऐकत होता?"

त्याने कानाला हात लावला. "न्हाय न्हाय. माजं न्हाय ते. मी कशाला ऐकू?"

मग हळूहळू त्याने सांगितलं. त्याची बायको दोन पावसाळ्यांमागे गेली. मुलगा चिंचोळीला एमआयडीसीत कामाला, सुट्टीला घरी येतो. घरात सून एकटी. ती आणि घरी ठेवलेली लहान कोकरं. वस्तीवर रेंज नाही, ती मिळते माळावर. म्हणून फोन माळावर त्याच्यापाशी. मुलाने त्या फोनात असं काहीतरी करून दिलं होतं की जे बोलणं होईल ते आपोआप आत भरून राहायचं. तर माझा फोन आला की हा तो उचलायचा, आवाज मोठा करायचा, दगडावर ठेवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा.

"शब्द न्हाय कळत तितनं," तो म्हणाला. "नुसता आवाज येतो. बरा वाटतो."

"म्हणजे दगडाजवळ कोण असायचं?"

"मेंढरं की."

आवाज थांबला की तो मेंढरं भावकीतल्या कुणाकडे तरी सोपवायचा आणि घरी चालत जायचा. फोन ओट्यावर ठेवायचा, भरलेलं बोलणं लावून द्यायचा आणि विहिरीकडे निघून जायचा. सुनेच्या अंगाचं बोलणं चाललेलं असताना सासऱ्याने तिथे थांबायचं नसतं. हे त्याने मला समजावूनही सांगितलं नाही, जसं पाणी उतारानं जातं हे कुणी समजावत नाही.

"मग संपलं ते तुम्हाला कसं कळायचं?"

"ती भांडी वाजवती की. वाजली का मी माघारी येतो."

मी त्या बाकावर बसून राहिले. समोर भिंतीपलीकडे माग चालले होते आणि मला तो माळ दिसत होता. दगडावर माझा आवाज, भोवती मान खाली घालून चरणारी मेंढरं, आणि लांब पाठ करून उभा असलेला हा माणूस. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही, तसंही तो माझ्याकडे बघत नव्हता.

मग मी विचारलं, "ती कशी आहे आता?"

"ते मी कसं सांगू?" तो जरा घुटमळला. "भांडी पैल्यावानी वाजत न्हाईत. जड हात पडतोय. आन् बांगड्या तर वाजतच न्हाईत आता."

बांगड्या वाजत नाहीत, म्हणजे त्या हातात रुतल्या आहेत. हातांना सूज आहे. त्या मुलीला तेव्हा आठवा सरत आला होता. सुजेबद्दलचा निरोप मी चादरींच्या आत बसून भरला होता, आणि तो जायच्या आधीच तिची ओळ बंद झाली होती.

त्या गावच्या आशाताईंचा नंबर माझ्याकडे होता. त्यांनी लगेच उचलला.

"मॅडम, मी कालच वस्तीवर जाऊन आले," त्या म्हणाल्या. "बीपी लई वाढलंय, डोकं दुखतंय म्हणती. चल म्हटलं गाडी बोलावते. तर ऐकती कुटं? म्हणती, फोनवरच्या बाईंनी सांगितलंय, पुढं काय करायचं ते मी सांगते म्हणून. त्यांनी सांगितलं की जाते. आन् कोकरं कुनावर टाकू म्हणती, मामा मला काय बोललं न्हाईत."

मला आवडलेलं ते वाक्य. ती ते घेऊन बसली होती. बाईंनी सांगते म्हटलं आहे, तर बाई सांगतील. आमच्याकडे मोठ्या माणसाने 'मी सांगते' म्हटलं की धाकट्याने थांबायचं असतं. ती थांबली होती, डोकं दुखत असताना, सुजलेल्या हातांनी भांडी घासत.

"आशाताई, गाडी आत्ताच बोलवा," मी म्हटलं. "आणि मी तुम्हाला एक निरोप पाठवते. तो घेऊन वस्तीवर जा आणि तिला ऐकवा. तुम्ही तिथे पोचेपर्यंत गाडी आली पाहिजे."

चादरी अजून टांगलेल्याच होत्या. मी आत गेले, स्टुलावर बसले आणि मोबाइल तोंडाजवळ धरला. या वेळी कागद नव्हता. मी म्हटलं, "बाळा, मीच बोलतेय. पुढं काय करायचं ते मी सांगते म्हटलं होतं ना, तर ऐक. आशाताई आल्या आहेत, त्यांच्याबरोबर आत्ता गाडीत बस. थांबू नकोस. घाबरूही नकोस. मी सोलापुरात दवाखान्याच्या दारात उभी आहे." पाठीमागे माग चालूच होते.

बाहेर आले तर मामा चादरीपासून लांब, व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभे होते. सवयच ती.

मी त्यांना हाक मारली. म्हटलं, "मामा, माझं बोलून झालं. आता तुम्ही आत जा आणि तिला सांगा."

"मी? मी काय सांगू?"

"तुम्ही बोलला नाहीत तर ती घर सोडायची नाही. कोकरांसाठी अडून बसलीय."

सुनेशी असल्या गोष्टीवर कधी चकार शब्द न बोललेला माणूस. मी मोबाइलवर आवाज भरायचा लाल ठिपका दाबून तो त्यांच्या हातात दिला आणि चादर वर उचलून धरली. ते वाकून आत गेले, चपला बाहेर काढून. देवळात जाताना काढतात तशा.

आणि मी तिथून निघाले. अंगणात पाण्याची टाकी आहे, तिच्यापर्यंत गेले आणि पाठ करून उभी राहिले. मागांच्या खटक खटकीत त्यांचा आवाज मिसळून येत होता. शब्द नाही कळत तिथून. नुसता आवाज येतो. थोडा मराठी, थोडा कानडी असावा, मध्येच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा.

ते बाहेर आले तेव्हा घोंगडीच्या टोकाने तोंड पुसत होते. मी दोन्ही निरोप आशाताईंना व्हॉट्सॲपवर पाठवले. दुसरा मी ऐकला नाही. तो माझ्या फोनात अजून आहे. फोन बदलला तेव्हा तोही नव्या फोनात आला. तो मी अजूनही ऐकलेला नाही.

आशाताईंनी नंतर सांगितलं ते एवढंच, की माझा निरोप ऐकून ती उठून उभी राहिली, आणि मामांचा निरोप ऐकून तिने पदर खोचला आणि गाडीत बसली.

तिला सोलापूरला आणलं तेव्हा दिवे लागले होते. मी सांगितल्याप्रमाणे सरकारी दवाखान्याच्या दारात उभी होते. तिने मला ओळखलं नाही. ओळखणार कशी? मी काही बोलले नव्हते. स्ट्रेचर पुढे निघालं तेव्हा मी म्हटलं, "आले बघ मी," आणि तिने सुजलेले डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तिला मी जो चेहरा दिला होता तो तिचा नव्हता. तिचा त्याहून लहान होता. ती फारच लहान होती.

मुलगी झाली. वजन कमी, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, पण रडली ती अशी की बाहेर बाकावर बसलेल्या मामांनाही ऐकू गेलं. हे मी घरी सांगितलं तर आई म्हणाली, "इतके महिने तुझा आवाज ऐकलाय तिने. आणखी कशी रडणार?"

आता आमचे नियम थोडे बदलले आहेत. सर आणि मी त्यावर बरंच भांडलो. फोन तुझा का, एवढंच आम्ही विचारत नाही. फोन कुणाकडे असतो, तो तुझ्यापर्यंत कसा येतो आणि आलेला तुला चालतो का, हेही विचारतो. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी आता मी म्हणते, "त्रास झाला तर माझी वाट बघू नकोस, लगेच जा." हे वाक्य आधीच्याइतकं गोड नाही. वर्गात मी मुलींना ही गोष्ट सांगते आणि त्या हसत नाहीत.

थंडीत मी त्या वस्तीवर गेले. मामांनी आणलेला डिंक मी तोंडात धरला नव्हता. आईने त्याचे लाडू केले आणि म्हणाली, बाळंतिणीचं बाळंतिणीला पोचवून ये. माळ मी मनात पाहिला होता त्यापेक्षा खडकाळ होता. ओट्यावर मामा बसले होते, मांडीवर नात. आत दाराशी ती उभी, डोक्यावर पदर. मला बघून मामांनी मान हलवली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

मी ओट्यावर टेकले. डब्याचं झाकण उघडलं आणि तिला विचारलं, "कशी आहेस? दूध पुरतं ना तिला?"

मामा उठले. नातीला माझ्या मांडीवर ठेवलं, काठी घेतली आणि विहिरीकडे चालू लागले.

मी बघतच राहिले. तीही खाली मान घालून हसली. मग आम्ही दोघी बोलत बसलो, दुधाचं, टाक्यांचं, झोपेचं. मी आवाज खाली ठेवला होता. बोलणं संपलं तेव्हा तिने एकदा विहिरीकडे पाहिलं आणि ओट्याच्या कडेला पालथी घातलेली दोन पातेली उचलून एकमेकांवर आपटली. तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या. तिकडे विहिरीपाशी मामा वळले आणि घराकडे यायला लागले.